पहिली होडी घेताय? इंजिन शेवटी ठरवा

परवा दुकानात एक मुलगा आला. वय बावीस-तेवीस. आल्या आल्या विचारलं, "दादा, पंचवीस एचपी आहे का? किती पडेल?" मी म्हटलं, होडी किती फुटी आहे? तर म्हणाला, होडी अजून घ्यायचीय. आधी इंजिन बघून ठेवतो. पैसे कुठून आणतोस विचारलं तर कळलं की आईचं सोनं तारण ठेवलंय.

मी इंजिन विकतो. जाळी, दोरखंड, स्पेअर पार्ट, सगळं विकतो. पंचवीस एचपी विकलं असतं तर त्या दिवशीचा गल्ला छान झाला असता. पण मी त्याला चहा दिला, एक कोरा कागद दिला आणि दीड तास बसवलं. त्या कागदावर जे झालं तेच आज इथे लिहितोय. व्हिडिओत हे सगळं मावलं नाही, आणि हिशेब वाचून जास्त कळतो.

आजचा विषय फक्त लहान होडीचा. १६ ते २० फुटी फायबरची होडी, मागच्या फळीला लावलेलं आउटबोर्ड इंजिन, आणि मागे बसून हातात दांडा धरून चालवणारा माणूस. स्टिअरिंग नाही, केबिन नाही. खाडीत आणि किनाऱ्याजवळ जाळं, गळ किंवा चिंबोरीचे पिंजरे टाकणाऱ्यांची होडी. ट्रॉलरवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल.

आधी दिवस लिहा

कागदावर पहिल्यांदा इंजिन लिहायचं नाही, होडीही लिहायची नाही. तुमचा धंद्याचा एक दिवस लिहायचा. पहाटे किती वाजता निघणार, कुठे जाणार, किती किलोमीटर, होडीत किती माणसं, जाळं किती किलोचं, बर्फ किती, मासळी चांगली लागली तर किती किलो, परत कुठे येणार आणि रात्री होडी कुठे ठेवणार.

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. जेटीला किंवा खाडीत नांगरून ठेवणार असाल तर थोडी जड होडी चालते, उलट लाटेत जड होडी बरी बसते. पण पुळणीवर ओढून ठेवणार असाल तर रोज दोन वेळा ते वजन कोण ओढणार? इंजिनही रोज काढून घरी न्यायचं असेल तर ९.९ एचपीचं फोर-स्ट्रोक साधारण ४० किलोचं असतं. एक माणूस कसाबसा खांद्यावर घेतो. पंचवीसचं एकट्याने उचलायचा विचारही करू नका.

त्या मुलाच्या कागदावर काय आलं? दोन माणसं, जाणं ८ किलोमीटर, येणं ८ किलोमीटर, जाळं ओलं झाल्यावर ७०-८० किलो, दोन तास जाळं टाकून थांबायचं, आणि होडी खाडीत नांगरायची. एवढं लिहिल्यावर त्याचं त्यालाच कळायला लागलं.

पाण्याचा एक नियम

आता जरा शाळा. लहान होडीची, म्हणजे पाणी कापत जाणाऱ्या गोल किंवा निमुळत्या तळाच्या होडीची, एक वेगमर्यादा असते. ती आरटीओने नाही, पाण्याने ठरवलेली असते. होडी पाण्याला जिथे टेकते त्या रेषेची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १८ फुटी होडीची पाण्यातली लांबी १६ फूट धरली तर वर्गमूळ ४, गुणिले १.३४ म्हणजे ५.३६ नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. म्हणजे झाले जवळजवळ १० किलोमीटर ताशी.

त्याच्या वर काय होतं? होडी चालताना पुढे एक लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते आणि एका टप्प्याला होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. पुढची नाळ वर, मागची बाजू खाली. आता जेवढं पेट्रोल ओताल तेवढी होडी मागे बसणार, पुढे फारशी जाणार नाही. तुम्ही खाडीत बघितलं असेल, एखादा जोरात आवाज करत, नाळ आभाळाकडे करून चाललेला असतो आणि बाजूचा लहान इंजिनवाला त्याच्या थोडाच मागे असतो.

सपाट आणि मागे रुंद तळाच्या होड्या असतात, त्या मोठ्या इंजिनवर पाण्यावर तरंगून पळतात, खरं आहे. पण रिकाम्या असताना. दोन माणसं, ओलं जाळं, बर्फाची पेटी आणि शंभर किलो बांगडा घेऊन ती पळते का, हे विक्रेत्याला भरलेल्या होडीत दाखवायला सांगा. रिकाम्या होडीची ट्रायल ही ट्रायलच नाही.

पेट्रोलचा हिशेब

बीबीएला असताना ब्रेक-इव्हनची गणितं कंटाळत केली होती. दुकान टाकल्यावर कळलं की ती गणितं इथेच लागतात.

अंगठ्याचा नियम असा आहे की पेट्रोलचं आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर १० एचपीला तासाला साधारण ४ लिटर पितं. टू-स्ट्रोक असेल तर त्याहून जास्त. आता त्या मुलाचा दिवस घ्या. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू, तुमच्या पंपाचा भाव तुम्ही टाका.

९.९ एचपी, थ्रॉटल दोन तृतीयांश, वेग ताशी ८ किलोमीटर. जाऊन येऊन २ तास. तासाला अडीच लिटर म्हणजे ५ लिटर, जाळ्यावर हळू फिरायला १ लिटर. एकूण ६ लिटर, ६३० रुपये.

२५ एचपी, तीच होडी, पूर्ण थ्रॉटल. तासाला ९ लिटर. होडी लाटेवर अडकल्यामुळे १६ किलोमीटरला दीड तास तरी जाणारच. साडेतेरा लिटर, वर दीड लिटर जाळ्यावर. एकूण १५ लिटर, १५७५ रुपये.

फरक रोजचा ९४५ रुपये. वर्षात १८० दिवस होडी गेली तर १,७०,१०० रुपये. आणि वाचला काय? रोजचा अर्धा तास.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कुणीतरी मला पकडणारच. मोठं इंजिन हळू चालवलं तर पेट्रोल जवळजवळ लहान इंजिनाएवढंच लागतं. मग मोठं घेऊन हळू चालवावं का? चालवू शकता. पण हातात थ्रॉटल असला आणि बाजारात मासळी लिलावाची वेळ झाली की हात थांबत नाही. शिवाय मागच्या फळीवर जास्तीचं वजन कायमचं बसलं, ते वेगळंच.

आणि मोठं इंजिन कधी लागतं? खाडीच्या तोंडावर ओहोटीचा जोर मोठा असेल आणि तुम्हाला त्याच्या उलट यावं लागत असेल तेव्हा. होडी २२ फुटांच्या पुढे असेल तेव्हा. मुक्काम २० किलोमीटरवर असेल तेव्हा. ओहोटीचा जोर ताशी ५ किलोमीटर असेल आणि तुमची होडी भरलेली असताना ताशी ८ ने जात असेल तर किनारा फक्त ३ च्या वेगाने जवळ येतो, हे डोळ्यासमोर आणा. अशा ठिकाणी १५ एचपी घ्या म्हणून मीच सांगतो. कंजूसपणा करू नका.

जुनी घेणार असाल तर

पहिली होडी बहुतेक जण जुनीच घेतात आणि त्यात चूक काही नाही. होडी बघायला जाताना लाकडी मूठ असलेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. मुठीने सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो. कुठे बोदा, मेल्यासारखा आवाज आला तर आत थर सुटलाय किंवा पाणी मुरलंय. तळाचा मधला कणा बघा, पुळणीवर ओढून ओढून तो झिजलेला असतो. नवा रंग मारलेली होडी दिसली की मी जास्त ठोकतो.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे इंजिन लागतं ती मागची फळी. वरून फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड किंवा लाकूड असतं. जुन्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबा. फळी हलताना दिसली, कोपऱ्यात भेग उघडताना दिसली तर ती होडी सोडा, नाहीतर नव्या फळीचा खर्च भावातून कापा.

जुन्या इंजिनात दोन गोष्टी तरी स्वतः बघा. चालू केल्यावर बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी. ती मंद असेल तर थंड करणारं पाणी नीट फिरत नाही. आणि खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू उघडून तेल बघा. दुधासारखं पांढरट असेल तर सील गेलंय आणि आत खारं पाणी गेलंय. विकणारा म्हणेल, "तेवढं काय, सील बदला." सील स्वस्त असतं. गिअर नसतात.

फळीचं माप

नवीन इंजिन घेताना माझ्या दुकानात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आउटबोर्डचा पाय लांबीप्रमाणे येतो. शॉर्ट शाफ्ट १५ इंच, लाँग शाफ्ट २० इंच. तुमच्या मागच्या फळीच्या मधोमध, इंजिन जिथे टेकणार तिथून सरळ खाली तळापर्यंत टेप लावा. ते माप १५ च्या आसपास आलं तर शॉर्ट, २० च्या आसपास आलं तर लाँग. अंदाज नको, टेप लावा.

इंजिन लावल्यावर पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. ती फार वर राहिली की वळणावर किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, होडी जागेवर. फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि मागून पाणी उडत राहतं. साडेसतरा इंचाची फळी असली की दोन्ही मापं फसतात, अशा वेळी फळीवर टणक लाकडाची पट्टी चढवून उंची करून घ्या.

दोन्ही पकडस्क्रू हाताने घट्ट केले म्हणजे झालं असं नाही. थरथरीने ते सुटतात. मधून बोल्ट टाका, भोकात सीलंट भरा आणि इंजिन होडीला साखळीने किंवा जाड दोरीने बांधा. पहिल्या दिवशी तासाभराने स्क्रू परत आवळा.

पंख्याबद्दल थोडक्यात. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलवर किती आरपीएम यायला हवेत ते दिलेलं असतं, बऱ्याच लहान फोर-स्ट्रोकना ५००० ते ६०००. भरलेल्या होडीत तेवढे येत नसतील तर इंजिन ओझ्याखाली दबतंय. पिच एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. कंपनी इंजिनासोबत देते तो पंखा बऱ्याचदा हलक्या होडीसाठी असतो. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर मिळतो, तो घ्या.

कोण कुठे बसतो

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. दांड्यावर चालणाऱ्या होडीत चालवणारा माणूस मागेच बसणार. त्याचं वजन ६५ किलो. इंजिन ४०. पेट्रोलची २५ लिटरची टाकी भरलेली असताना जवळजवळ २० किलो. बॅटरी असेल तर तीही मागेच. म्हणजे होडीच्या शेवटच्या तीन फुटांत सव्वाशे-दीडशे किलो. मग लोक म्हणतात होडी नाक वर करते, आणि इंजिन बदलायचं म्हणतात. अहो, इंजिन नाही, सामान हलवा.

टाकी मधल्या फळीखाली न्या, पाइप लांब घ्या. चालवणारा बहुतेक उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने दांडा धरतो, म्हणून टाकी डावीकडे ठेवा. बॅटरी पुढे. नांगर आणि दोर नाळेत. बर्फाची पेटी मधोमध. जाळं मध्याच्या थोडं पुढे, आणि चालवणारा आणि जाळं यांच्यामध्ये पाय ठेवायला मोकळी जागा. ती जागा रोज मोकळीच राहिली पाहिजे. पायात जाळं अडकलेला माणूस पाण्यात पडला की काय होतं ते सांगायला नको.

दांड्याला दोन-अडीच फुटांचा जोडदांडा लावला की चालवणारा पुढे सरकून बसू शकतो, उभा राहून पुढचं बघू शकतो. पीव्हीसी पाइपचा घरगुती करतात, चालतो, पण तो थ्रॉटलच्या मुठीवर फिरता-घसरता कामा नये. बोल्टने किंवा दोन क्लॅम्पनी पक्का करा.

नवशिक्यांसाठी: दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. कागदावर सोपं वाटतं, घाबरल्यावर उलटं होतं. मोकळ्या पाण्यात तासभर सराव करा. आणखी एक. मागून लाट येत असताना किंवा जोरात असताना थ्रॉटल एकदम बंद करू नका. होडी थांबते, तिच्या मागची लाट थांबत नाही, आणि मागची फळी हीच होडीची सगळ्यात बुटकी बाजू असते.

ती लाल दोरी

हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. माझ्या मावसभावाला मीच इंजिन दिलं होतं. होडी मी बघून दिली, फळी मोजली, पंखा बदलून दिला, सगळं नीट. डेमो दाखवताना किल स्विचची लाल दोरी मध्ये मध्ये येत होती, म्हणून मी ती गुंडाळून इंजिनाच्या मुठीला गाठ मारून ठेवली. क्लिप बटणाखाली, त्यामुळे इंजिन सुरू होत होतं. ती गाठ तशीच आठ महिने राहिली.

डिसेंबरमध्ये तो पहाटे एकटा गेला. चालू होडीत उभं राहून जाळ्याचा बोया ओढायला वाकला, लाटेने धक्का दिला आणि तो बाहेर. दांडा सोडला की होडी सरळ जात नाही. पंख्याच्या जोराने दांडा एका बाजूला जातो आणि होडी गोल फिरायला लागते, ज्या जागी माणूस पडलाय त्याच जागेभोवती. थ्रॉटलची मूठ आहे तिथेच राहते. दोन फेऱ्यांत तो बुडी मारून वाचला, तिसऱ्या फेरीत पंखा टाचेला लागला. शेजारच्या होडीवाल्यांनी जुनं जाळं पंख्याच्या वाटेत फेकलं, पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन बंद पडलं. चौदा टाके, दोन महिने घरी, हंगाम गेला. मावशी मला काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "तुला तर सगळं माहीत होतं ना रे."

आता माझ्याकडून इंजिन जातं तेव्हा डेमोला दोरी गिऱ्हाइकाच्या मनगटात असते आणि मी त्याला सांगतो, आता हात ओढ. इंजिन बंद पडलं की मगच बिल. मनगटात अडचण होत असेल तर मांडीला बांधा. पण बांधा. आणि एक जास्तीची क्लिप होडीत ठेवा, म्हणजे चालवणारा पडला तर दुसऱ्याला इंजिन सुरू करून त्याच्याकडे जाता येईल.

कागद आणि बंदी

मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदवावी लागते आणि मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो. नोंदणीचा अर्ज केंद्राच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर ऑनलाइन होतो. जुनी होडी घेताना आधीच्या मालकाची नोंदणी आणि कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्यासाठी घटक आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्या मुलाला मी विचारलं, अर्ज आईच्या नावाने केलास का? त्याला हे माहीतच नव्हतं. त्यामुळे पहिली चक्कर मत्स्यव्यवसाय कार्यालयात मारा, आणि मंजुरीच्या आधी खरेदी करू नका.

लाइफ जॅकेट माणसागणिक एक. वल्ही दोन, इंजिन कितीही नवं असलं तरी. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर सेव्ह. आणि इंजिन मध्येच बंद पडलं तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. गेल्या हंगामात "इंजिन बंद पडतंय" म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांत तिघांचा नुसता तो स्क्रू बंद होता.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी असते. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे, पण इंजिन लावलं की तुम्ही बंदीत आलात. म्हणजे कर्जाचा हप्ता बारा महिने आणि कमाई दहा महिने. हप्ता ठरवताना बँकेत हे स्वतः सांगा. बंदीत इंजिन गोड्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन, पेट्रोल काढून, गिअरचं तेल बदलून उभं ठेवा, आडवं टाकू नका.

तो मुलगा त्या दिवशी काही न घेता गेला. काल फोन आला, १८ फुटी होडी बघितलीय, फळी १९ इंच आहे, ठोकून बघितली, आवाज चांगला येतो. मी म्हटलं, उद्या भरतीला भरून चालवून बघ. मी पण येतो.